आई-बाबांसोबत क्रॅनली आणि गिल्डफर्ड: इंग्लंडमधलं मोठं गाव आणि शेजारचं शहर, गाडीशिवाय

आई-बाबा पहिल्यांदा इंग्लंडला आले की बहुतेक मराठी घरांत तीच यादी निघते. टॉवर ब्रिज, राजवाडा, स्टोनहेंज आणि एक दिवस सहलीच्या बसने कॉट्सवोल्ड्सची गावं. आम्हीही तेच केलं. गावं देखणी होती, पण दुपारी एका दगडी पुलावर उभी राहून आई म्हणाली, "घरं छान आहेत गं, पण इथे राहतं कोण?" बाबांचा प्रश्न आणखी सरळ होता: इथला दवाखाना कुठे, शाळा कुठे, वाण्याचं दुकान कुठे? आजूबाजूला सगळे आमच्यासारखे पाहुणेच होते.

पुढच्या वेळी मी त्यांना क्रॅनलीला नेलं. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथेच पाठवते. साठी-सत्तरीतले आई-बाबा सोबत आहेत, घरात गाडी नाही आणि हाताशी दोन दिवस आहेत, अशा कुटुंबासाठी हा लेख आहे.

आधी हे गाव काय आहे ते

क्रॅनली हे सरे परगण्यातलं गाव. लंडनच्या नैऋत्येला सुमारे ४५ किलोमीटरवर गिल्डफर्ड आहे आणि तिथून आणखी १३-१४ किलोमीटरवर क्रॅनली. वस्ती ११ हजारांच्या वर. 'इंग्लंडमधलं सर्वांत मोठं गाव' असं इथले लोक अभिमानाने सांगतात. ऑक्सफर्डजवळचं किडलिंग्टन आणि समुद्रकाठचं लॅन्सिंग हीसुद्धा मोठ्या गावांच्या याच चर्चेत असतात आणि लोकसंख्येत ती क्रॅनलीच्या पुढे आहेत. त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या वादात पडू नका. गंमत दुसऱ्याच गोष्टीत आहे: एवढं मोठं झालं तरी या लोकांनी गावपण सोडलेलं नाही.

बाबांना हे समजावताना मला आपल्याकडची ग्रामपंचायत आणि नगरपरिषद उपयोगी पडली. आपल्याकडे गाव वाढलं की सरकार अधिसूचना काढतं आणि नगरपंचायत होते. इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने गावाची पॅरिश कौन्सिल, म्हणजे तिथली ग्रामपंचायत, स्वतः ठराव करून 'टाउन कौन्सिल' म्हणवून घेऊ शकते. क्रॅनलीची कौन्सिल आजही पॅरिश कौन्सिलच आहे. उलट गिल्डफर्डला स्वतःचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे, विद्यापीठ आहे, पण 'सिटी' हा दर्जा नाही, कारण तो राजाकडून मिळावा लागतो. म्हणजे दोन दिवसांत तुम्ही एक शहराएवढं गाव आणि एक सिटी न झालेलं शहर पाहणार आहात.

वार ठरवा, मग बाकीचं

या सहलीचं निम्मं यश वार निवडण्यात आहे. माझी शिफारस: मे ते ऑगस्टमधला शुक्रवार आणि शनिवार. शुक्रवारी गिल्डफर्डच्या नॉर्थ स्ट्रीटवर बाजार भरतो. शनिवारी क्रॅनलीच्या माळावर क्रिकेट असतं. क्रॅनलीचा स्वतःचा आठवडी बाजार गुरुवारी असतो, तेव्हा क्रिकेटमध्ये अजिबात रस नसेल तर गुरुवार-शुक्रवार असा बेत करा.

रविवार टाळा. बस कमी असतात, बरीच दुकानं उशिरा उघडून चारच्या सुमारास मिटतात आणि रुळांची दुरुस्तीही बहुधा रविवारीच काढतात. एकदा आम्ही रविवारी निघालो आणि अर्ध्या वाटेत आगगाडीतून उतरवून आम्हाला बदली बसमध्ये बसवलं. आईचे पाय सुजले, आणि गिल्डफर्डला पोहोचलो तेव्हा दुपार सरत आली होती.

तिकिटं काढताना

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून गिल्डफर्डला थेट गाड्या आहेत, जलद गाडीने ३५ ते ४० मिनिटं लागतात. लंडनमध्ये वापरता ते ऑयस्टर कार्ड इथवर चालत नाही, तेव्हा फाटकावर कार्ड टेकवून आत शिरू नका. तिकीट आधी काढा.

तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र प्रवास करत असतील तर 'ग्रुपसेव्ह' नावाची सवलत मिळते. गर्दीच्या वेळा सोडून भाड्यात एकतृतीयांश सूट, आणि त्यासाठी कुठलं कार्ड विकत घ्यावं लागत नाही. तुम्ही आणि आई-बाबा, झाले तीन. दोघंच जात असाल आणि आई-बाबांचा मुक्काम महिना-दोन महिन्यांचा असेल, तर सीनियर रेलकार्ड पाहा. वय ६० पूर्ण हवं, पुरावा म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. ग्रुपसेव्ह आणि रेलकार्ड या दोन सवलती एकत्र लागत नाहीत. सकाळी साडेनऊनंतरची गाडी धरली की दोन्हींचा हिशेब सोपा राहतो.

शुक्रवार: गिल्डफर्ड

मुक्काम गिल्डफर्डमध्येच ठेवा, शक्यतो स्थानकापासून चालत जाता येईल असा. सामान टाका आणि वे नदी ओलांडून हाय स्ट्रीटला लागा.

हा रस्ता ग्रॅनाइटच्या घडीव दगडांचा आहे आणि चांगलाच चढाचा. गुडघे दुखणाऱ्यांनी एक युक्ती करावी: बसने किंवा टॅक्सीने वरच्या टोकाला जाऊन तिथून उतरत यावं. मी आता नेहमी तसंच करते. पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात, म्हणून पायात चपला-सँडल नकोत, रबरी तळाचे बूट हवेत.

उतरताना एका बाजूला विटांचं मोठं प्रवेशद्वार दिसतं. ते ॲबट्स हॉस्पिटल. नावात हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नाही, वृद्धांसाठी बांधलेला धर्मादाय निवास आहे. कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट यांनी १६१९ मध्ये आपल्या जन्मगावासाठी तो उभारला आणि आजही तिथे वृद्ध मंडळी राहतात. शिकारीत ॲबट यांच्या हातून बाण सुटून एक रखवालदार मारला गेला, त्या पश्चात्तापातून त्यांनी हे बांधलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. अपघात खरा आहे, पण तो १६२१ चा, आणि पायाचा दगड त्याच्या दोन वर्षं आधीच बसला होता. आईला मात्र तारखांपेक्षा एकाच गोष्टीचं अप्रूप वाटलं: चारशे वर्षं झाली तरी ज्या कामासाठी वास्तू बांधली तेच काम तिथे चालू आहे. रहिवाशांचं घर आहे, त्यामुळे बाहेरून बघा आणि खिडक्यांतून आत डोकावू नका.

आणखी खाली गिल्डहॉलचं घड्याळ रस्त्यावर आडवं आलेलं दिसेल. त्यावर १६८३ हे साल आहे. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर तीन वर्षांचं, असं बाबांनी लगेच लावून घेतलं. अशी सांगड घातली की परक्या देशातली सनावळी डोक्यात राहते. समोरच्या बाजूला ट्यून्सगेटची खांबांची कमान आहे, तिच्याखालून चालत गेलात की किल्ल्याच्या बागेत पोहोचता.

किल्ला म्हणजे राजगड-सिंहगड मनात आणू नका. नॉर्मन राजांच्या काळातला, बाराव्या शतकातला एक चौकोनी दगडी बुरूज आणि भोवती फुलांचे ताटवे, एवढंच. बाग सगळ्यांना मोकळी आहे. बुरुजात शिरायला छोटं तिकीट असतं आणि तो हिवाळ्यात बंद असतो. वर जाणारा जिना अरुंद आहे. आई खाली बाकावर बसली, मी आणि बाबा वर गेलो, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. जून महिन्यात इथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे बाग संध्याकाळसाठी राखून ठेवली तरी चालते.

बागेला लागूनच 'द चेस्टनट्स' हे घर आहे. अ‍ॅलिसच्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवत. १८६८ मध्ये त्यांनी हे घर आपल्या बहिणींसाठी घेतलं आणि १८९८ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. घर खासगी आहे, पण जवळच्या बागेत आरशातून पलीकडे जाणाऱ्या अ‍ॅलिसचा पुतळा आहे. १८६८ हे साल लक्षात ठेवा, उद्या क्रॅनलीत लागेल.

दुपारी नदीवर जा. वे नदीला कालव्याची जोड देऊन १६५३ पासून टेम्स नदीपर्यंत होड्या नेल्या जात. धान्य, लाकूड आणि बंदुकीची दारू याच वाटेने लंडनला जाई. स्थानकापासून दहा-एक मिनिटांवर डॅपड्यून व्हार्फ आहे. तिथे या होड्या बांधल्या जात आणि 'रिलायन्स' नावाची जुनी मालवाहू होडी आजही पाहायला मिळते. हे ठिकाण जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि रोज उघडं नसतं, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर दिवस पाहूनच निघा. बंद असेल तर नुसतं नदीकाठच्या पायवाटेने चाला. एके काळी घोडे याच वाटेवरून होड्या ओढत. वाट सपाट आहे.

बंदुकीच्या दारूवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गिल्डफर्डपासून आगगाडीने दुसरं स्थानक चिलवर्थ. तिथे १६२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने दारूचा कारखाना सुरू केला. कंपनीने पुढे तो सोडला, कारखाना मात्र हात बदलत १९२० पर्यंत चालला. आता झाडीत जात्यांचे दगड आणि पडक्या भिंती उरल्या आहेत, कुणीही जाऊन पाहू शकतं. ज्या कंपनीचा इतिहास आपण शाळेत घोकला, तिचा हा अगदी सुरुवातीचा पाऊलठसा असा रानात शेवाळलेला बघताना मी बराच वेळ गप्प होते. चालण्याची ताकद असेल तर दोन तास द्या. वाट चिखलाची असते.

कॅथेड्रल शेवटी ठेवा. ते स्टॅग हिलवर आहे, स्थानकापासून चढाची वीस-पंचवीस मिनिटं. आई-बाबांसाठी बस किंवा टॅक्सीच बरी. पायाभरणी १९३६ ची, मग महायुद्धाने काम थांबलं, आणि अभिषेक झाला १९६१ मध्ये. पैसे कमी पडले तेव्हा लोकांना अडीच शिलिंगला एक वीट विकत घेऊन त्यावर नाव लिहिता येई. दोन लाखांहून जास्त लोकांनी विटा घेतल्या, आणि त्या विटा याच टेकडीच्या मातीच्या आहेत. बाहेरून इमारत रुक्ष वाटते, म्हणून पुष्कळ लोक मागे फिरतात. तसं करू नका. आत शिरलं की पांढऱ्या दगडाच्या उंच कमानी आणि त्यातून येणारा प्रकाश बघून माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. प्रवेशाला तिकीट नाही. निघताना मनोऱ्याकडे मान वर करून बघा: सोन्याचा मुलामा दिलेला देवदूत वाऱ्याबरोबर फिरतो.

शनिवार: क्रॅनली

बसस्थानक फ्रायरी शॉपिंग सेंटरला लागून आहे, रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांवर. क्रॅनलीला ५३ आणि ६३ क्रमांकाच्या बस जातात. आदल्या रात्री वेळापत्रक पाहून जाण्याची आणि परतीची, दोन्ही वेळा लिहून ठेवा. साडेनऊ-दहाची बस धरा. प्रवास पाऊण तासाच्या आतला. २०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलं आहे, पण ही मर्यादा वाढते-घटते, तेव्हा एकदा खात्री करा. वृद्धांचा मोफत पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो, आई-बाबांना नाही. बँकेचं कार्ड टेकवून भाडं दिलं तर एका कार्डावर एकच प्रवासी धरतात. म्हणून चढताना चालकाला "थ्री सिंगल्स टू क्रॅनली" असं सांगा, म्हणजे तिघांचं भाडं एकदम देता येतं. वाटेतल्या थांब्यावरून बसायचं असेल तर बस दिसताच हात दाखवावा लागतो, नुसतं उभं राहिलात तर निघून जाऊ शकते.

बसमध्ये आईला खिडकीशी बसवा. शॅलफर्ड, ब्रॅमली अशी गावं जातात आणि मग दोन्ही बाजूंना कुंपणाची उंच झाडं.

क्रॅनलीत शिरताना एका बाजूला मोठा हिरवा माळ दिसतो आणि रस्त्याकडेला मेपलची रांग. पहिल्या महायुद्धात या भागात तळ ठोकलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी ही झाडं लावली. मेपल हे कॅनडाचं झाड, त्यांच्या झेंड्यावरचं पान. परक्या मुलुखात आपल्याकडचं झाड लावावंसं वाटणं मला फार समजतं. माझ्या बाल्कनीतल्या कुंडीत कढीपत्ता आहे.

उतरल्यावर लगेच काही 'बघायला' धावू नका. हाय स्ट्रीटने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. खाटीक, बेकरी, हार्डवेअर, औषधांचं दुकान, जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकानं. धर्मादाय दुकानांत शिरा. दोन-तीन पौंडांत चांगली कप-बशी मिळते आणि पैसे सत्कारणी लागतात. आईने तिथून काचेचा लोणच्याचा सट घेतला, तो आता साताऱ्याला आहे. दुकानात शिरताना "मॉर्निंग" म्हणा, उत्तर हमखास येतं. बाबांशी एक आजोबा हवामानावरून सुरू होऊन टोमॅटोच्या रोपांपर्यंत बोलले.

बाबांनी विचारलेला दवाखाना इथे आहे, आणि साधासुधा नाही. १८५९ मध्ये अल्बर्ट नॅपर या डॉक्टरांनी इथे एका झोपडीवजा घरात काही खाटा टाकून रुग्णालय सुरू केलं. देशातलं ते पहिलं 'कॉटेज हॉस्पिटल' मानलं जातं. त्याआधी शेतमजूर जखमी झाला तर त्याला खडबडीत रस्त्यावरून दूरच्या शहरात न्यावं लागे. उपचार गावातच, ओळखीच्या डॉक्टरांकडून, आणि ऐपतीप्रमाणे थोडे पैसे, ही कल्पना इथून पुढे देशभर पसरली. जुनी इमारत हाय स्ट्रीटवर बाहेरून दिसते. आपल्याकडे आजही तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचताना जीव जातात, त्यामुळे बाबा तिथे बराच वेळ थांबले.

पुढे सेंट निकोलस चर्च. काही भाग बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. आत एका कमानीपाशी दगडात कोरलेलं मांजराचं तोंड शोधा. अ‍ॅलिसच्या गोष्टीतलं हसरं मांजर कॅरलना इथेच सुचलं, असं गावात सांगतात. आता काल लक्षात ठेवलेलं साल काढा: गोष्ट छापली गेली १८६५ मध्ये आणि गिल्डफर्डचं घर घेतलं १८६८ मध्ये. शिवाय इंग्लंडमधली आणखी काही चर्चही हाच दावा करतात. मांजर बघा मात्र जरूर. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना शोधायला लावा.

जेवण, आणि मग माळ

पबमध्ये जेवण साधारण बारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं, तेव्हा 'आधी फिरू, मग जेवू' करू नका. शाकाहारी माणसांसाठी सर्वांत भरवशाचं म्हणजे जॅकेट पोटॅटो: सालासकट भाजलेला मोठा बटाटा, वर बीन्स आणि चीज. सूप मागवण्याआधी ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा, भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असू शकतं. केक आणि बहुतेक स्कोनमध्ये अंडं असतं. आईचा शनिवार होता, म्हणून आम्ही सुपरमार्केटमधून केळी, दही आणि बेरी घेतल्या आणि घरून आणलेला शेंगदाण्याचा लाडू. डबा माळावर बसून खायला कुणाचीच हरकत नसते, फक्त कचरा उचला.

आणि आता माळ. क्रॅनलीचं क्रिकेट कुंपणाआड नाही, गावाच्या सार्वजनिक माळावर चालतं. शनिवारी सामना साधारण बारा-एकला सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चालतो. तिकीट नाही. सीमारेषेच्या बाहेर सतरंजी टाका आणि बसा. घडीची खुर्ची नेता आली तर आई-बाबांसाठी उत्तम. दोनच पथ्यं: षटक चालू असताना पांढऱ्या पडद्याजवळून चालू नका, आणि चेंडूकडे पाठ करून बसू नका. चेंडू खरोखरच येतो. तो उचलून परत फेकलात की "चिअर्स" ऐकू येतं, आणि तेवढ्यावर बाबा दिवसभर खूश होते. शिवाजी पार्कवर तरुणपणी तासन्‌तास उभे राहून सामने पाहिलेला माणूस. मधल्या चहाच्या सुट्टीत खेळाडू सँडविच खाताना पाहून म्हणाले, "आपल्याकडे वडापाव, एवढाच फरक."

क्रिकेट नको असेल त्यांनी डाउन्स लिंक ही पायवाट धरावी. गिल्डफर्डहून हॉर्शमला जाणारी रेल्वे इथून १८६५ ते १९६५, जवळजवळ शंभर वर्षं धावली. रूळ गेले आणि त्या जागी चालायला आणि सायकलला वाट झाली. गावाच्या आधीच्या 'Cranley' या स्पेलिंगचा क्रॉली (Crawley) या दुसऱ्या गावाशी गोंधळ होऊ नये म्हणून 'Cranleigh' हे आजचं स्पेलिंगही रेल्वेच्या काळात आलं. आगगाडीची वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाही. दणकट असाल तर ब्रॅमलीपर्यंत साधारण आठ किलोमीटर चालून तिथल्या जुन्या फलाटापाशी पोहोचा आणि तिथूनच बस पकडा. आई-बाबांसोबत अर्धा तास जाऊन माघारी वळणं पुरेसं आहे.

परतीची शेवटून दुसरी बस धरा. शेवटच्या बसवर कधीही विसंबू नका.

लंडनला परतताना, उरलेला अर्धा दिवस

रविवारी सकाळी थेट वॉटर्लू गाठण्याऐवजी, रुळांचं काम नसेल तर, वोकिंगला उतरा. स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटांवर शाहजहान मशीद आहे: १८८९ ची, ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली वास्तू. तिला नाव मिळालं ते देणगी देणाऱ्या भोपाळच्या शाहजहान बेगमांचं, ताजमहालाच्या बादशहाचं नाही.

वोकिंगहून पुढचं स्थानक ब्रुकवूड, मात्र ते गिल्डफर्डच्या नाही तर बेसिंगस्टोकच्या मार्गावर आहे, फलाट बघून चढा. स्थानकाला लागूनच १८५४ मध्ये सुरू झालेली प्रचंड दफनभूमी आहे, आणि तिच्यात पारशी समाजाची जागा. जमशेदजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले, त्यांची समाधी इथे आहे. त्यांचे मुलगे सर रतन टाटा आणि सर दोराबजी, आणि दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई हेही इथेच. मुंबईतल्या ताजमहाल हॉटेलसमोरून, टाटा मेमोरियलच्या दारातून आपण कितीदा गेलो असू, आणि ते नाव इथे एका इंग्रजी झाडीत शांतपणे कोरलेलं आहे. जागा विस्तीर्ण आहे, वाट चुकते, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. दुसऱ्या धर्माची पवित्र जागा आहे, तेव्हा फुलं-अगरबत्ती काही नेऊ नका, आवार बंद असेल तर बाहेरूनच बघा. बाबांनी चष्मा काढून हात जोडले आणि आम्ही तासाभराने पुढची वॉटर्लू गाडी पकडली.